अभयला हाक कशी मारायची

कुत्र्यांना शिकवणं हा माझा धंदा. या धंद्यात एक शब्द मी कधी तोंडातून काढला नाही. तो शब्द म्हणजे 'हाड'. आपल्याकडे पोर बोलायला लागलं की आई-बाबाच्या पाठोपाठ हा शब्द शिकतं, आणि कुत्रं तर डोळे उघडायच्या आधीच शिकत असावं. ज्या घरी शिकवणी लागेल त्या घराला मी पहिल्याच दिवशी दम भरायचो, की आजपासून कुत्र्याला हाड म्हणायचं नाही. लांब हो, एवढंच ज्यातून कळतं त्या शब्दानं त्याला जवळ राहायला कसं शिकवणार? लोकांना ते पटायचं. मलाही स्वतःचंच बोलणं फार पटायचं.

अंकासाठी लेख मागताना संपादक म्हणाले, "मास्तर, कुत्र्यांच्या गमतीजमती लिहा. दिवाळीत लोकांना जरा हसू द्या." गमती पुष्कळ आहेत. एकदोन आधी सांगतो, म्हणजे हसायचं ते हसून घेता येईल. नंतर जे सांगणार आहे त्यात माझी शोभा आहे.

आमचं गाव राहात्याजवळ. घरची पेरूची बाग, थोडा ऊस. मी फौजेत गेलो आणि तिथे कुत्र्यांचा हँडलर झालो. वडील गावात सांगायचे, "लोकांची पोरं फौजेत जाऊन बंदूक धरत्यात, आमचं कुत्री वळतंय." निवृत्त होऊन नगरला आलो तेव्हा सावेडीत बंगले आणि फ्लॅट उठत होते आणि प्रत्येक बंगल्याला एक लॅब्राडोर लागत होता. कुत्रं आणलं की आठ दिवस कौतुक, नवव्या दिवशी सोफा फाटला की माझा फोन. सकाळी स्कूटर काढायची, चार-पाच घरं करायची, कुत्र्याला डाव्या बाजूला चालायला, बसायला, थांबायला शिकवायचं. बायको घरी विचारायची, "आज कुणाच्या पोराला वळण लावून आलात?"

राहात्याच्या एका ठेकेदाराची गोष्ट सांगतो. त्याचा आणि धाकट्या भावाचा बंगला शेजारी शेजारी, मधली भिंत एकच, आणि बोलणं बंद. त्यानं मोठं अल्सेशियन आणलं आणि मला म्हणाला, "मास्तर, याला फकस्त धाकट्यावर भुकायला शिकवा. बाकी कुनावर न्हाई भुकलं तरी चालंल."

मी म्हटलं, "अण्णा, कुत्र्याला भाऊबंदकी कळत नाही."

"शिकल्यावर समदं कळतंय."

मी त्याला रीतसर काय ते शिकवलं आणि परत आलो. महिन्याभरात ठेकेदाराचा फोन. कुत्रं दिवसभर धाकट्याच्या ओट्यावर जाऊन बसत होतं आणि थोरला फाटकातून आत शिरला की त्याच्यावरच भुंकत होतं. धाकट्याची बायको त्याला दूध-भाकरी घालत होती, एवढाच काय तो चमत्कार. ठेकेदाराचा मात्र आजतागायत समज आहे की मी फितूर झालो.

दुसरी गंमत सावेडीतल्या एका आजींची. सून कुत्र्याला इंग्रजीत 'सिट' म्हणायची, आजी 'शीट' म्हणायच्या, आणि कुत्रं आजींचंच ऐकायचं, कारण पोळी आजींच्या हातात असायची. एकदा आजींनी मला कोंडीत पकडलं. "मास्तर, आपण मराठी माणसं, कुत्रं पण इथलंच. मग त्याला 'बस' म्हणायला काय हरकत आहे?"

हे मात्र खरोखर समजून घेण्यासारखं आहे. घरात दिवसभर 'ये', 'बस', 'थांब', 'जा' असं चाललेलं असतं. पाहुणे आले की बसा, पोरगं निघालं की थांब. कुत्र्याला कळत नाही यातलं आपल्याला कोणतं. म्हणून त्याचे शब्द वेगळे ठेवायचे, जे माणसाला कुणी म्हणत नाही. मी आजींना ऐटीत सांगितलं होतं, "आजी, कुत्र्याचे शब्द वेगळे ठेवा, माणसांचे वेगळे. सरमिसळ झाली की दोघांचाही घोटाळा." हे वाक्य मला इतकं आवडलं की पुढे प्रत्येक घरी मी ते ऐकवत सुटलो.

हसून झालं असेल तर आता अभयकडे येतो.

सुजाता मॅडम एका शाळेत विज्ञान शिकवतात. सावेडीतल्या एका सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर एकट्या राहतात. गेल्या वर्षी उन्हाळ्यात शाळेतल्या बायकांबरोबर भंडारदऱ्याला गेल्या होत्या. परतताना रस्त्याकडेच्या खड्ड्यात त्यांना एक पिवळसर गावठी कुत्रं दिसलं. त्याच्या गळ्यात तार रुतलेली होती. डुकरं-सशांना फासकी लावतात तसली तार. बाकीच्या बायका गाडीतून 'नको, नको' करत असताना मॅडमनी त्याला ओढणीत गुंडाळून उचललं, डॉक्टर गाठला आणि घरी आणलं. जखम भरली. भीती भरून आली नाही. नाव ठेवलं अभय.

त्या नावावरून वेगळंच झालं. खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या जावयाचं नावही अभय. त्यातून हा अभय जिना उतरायला तयार नाही, त्यामुळे त्याचं सगळं आवरणं बाल्कनीत. बाल्कनी धुतली की पाणी खाली काकूंच्या वाळवणावर. वरून मॅडमचा आवाज, "अभय, शी झाली का रे?" आणि खाली नेमके जावई चहाला बसलेले. काकूंनी सोसायटीच्या बैठकीत विषय काढला. बैठकीत ठरलं की दिवाळीपर्यंत कुत्रं खाली उतरून बाहेर जायला लागलं तर ठीक, नाहीतर त्याला दुसरीकडे पाठवा. दुसरीकडे म्हणजे कुठे, हे कुणी बोललं नाही. ज्या कुत्र्याला कुणी हात लावू शकत नाही त्याला कोण घेणार? मॅडमना त्याचा अर्थ कळला होता. म्हणून मला फोन आला.

मी गेलो. अभय कपाटामागे बसलेला होता, नुसतं शेपूट दिसत होतं. मॅडम म्हणाल्या, "सर, त्याच्या गळ्याचं जरा..."

मी म्हटलं, "मॅडम, कुत्री मला नवीन नाहीत. दिवाळीच्या आत मोठ्या रस्त्यावर चक्कर मारून आणतो. नाही आणलं तर माझं नाव बदला."

धंद्यातला पहिला धडा असा की नवीन कुत्र्याला साखळी लावण्याआधी त्याच्या अंगावरून, गळ्यावरून हात फिरवायचा. कुठे गाठ, कुठे जखम, कुठे दुखतं ते बघायचं. मी तो धडा कितीतरी लोकांना दिला होता. त्या दिवशी मी हात फिरवला नाही. पिशवीतून चोक चेन काढली, म्हणजे कुत्र्यानं ओढलं की गळ्याभोवती आवळणारी साखळी, आणि कपाटामागे हात घालून त्याच्या गळ्यात अडकवली. मोठ्या, दांडगट कुत्र्यांसाठी ती असते. मला वेळ वाचवायचा होता.

दारापर्यंत तो आला तो घसरत आला. जिन्याच्या पहिल्या पायरीवर त्यानं चारी पाय रोवले. मी साखळीला झटका दिला. तो ओरडला नाही. ओरडला असता तर मी कदाचित थांबलो असतो. तोंड उघडं, जीभ बाहेर, आणि पायाखाली मुताचं थारोळं. ते पायऱ्यांवरून खाली चाललं होतं, काकूंच्या दाराकडे.

मॅडम म्हणाल्या, "सर, सोडा त्याला."

"आता सोडलं तर तो जिंकला असं समजेल, मॅडम."

"तो मरतोय असं समजतोय," त्या म्हणाल्या आणि खाली बसून त्यांनी स्वतःच्या हातानं साखळी सैल केली. तेव्हा मला केसांखालचा तो गुलाबी वळ दिसला. गळ्याभोवती पुरता फिरलेला, बांगडीसारखा. माझी साखळी बरोबर त्याच्यावर बसली होती.

सुरुवातीलाच त्या हे सांगायला निघाल्या होत्या आणि मी त्यांना बोलू दिलं नव्हतं. खालून काकू वर बघत होत्या. फौज, मेडलं, सावेडीतले बंगले, सगळं त्या मुताच्या ओघळात वाहून गेलं. मॅडमनी आणलेलं फडकं मी त्यांच्या हातातून घेतलं आणि जिना पुसला. तेवढंच त्या वेळी मला जमण्यासारखं होतं.

त्यानंतर खरं काम सुरू झालं. घाबरलेल्या कुत्र्याला फिरवायचं म्हणजे आधी फिरवायचंच नाही. त्याच्याकडे बघायचं नाही, त्याच्या अंगावर वाकायचं नाही, समोरून जायचं नाही. आपण कडेला पाठ करून बसायचं आणि वाट बघायची. गळ्याला काही लावायचं नाही, छातीवरून येणारा मऊ पट्टा लावायचा आणि दोरी इतकी सैल सोडायची की ती जमिनीला टेकली पाहिजे. दोरी ताठ झाली की तुम्ही त्याच्याशी भांडताय आणि सैल असली की बोलताय, इतकं सोपं आहे. सोपं आहे म्हणून मी ते विसरलो होतो.

मी रोज सकाळी मॅडमच्या दाराबाहेर पायरीवर पेपर घेऊन बसायला लागलो. मागे दार उघडं. अभय आत. एके दिवशी त्याचं नाक उंबऱ्यापर्यंत आलं. काही दिवसांनी माझ्या पाठीला गरम श्वास लागला. मी पेपरातली तीच ओळ वाचत राहिलो. मग तो एक पायरी उतरून माझ्या शेजारी येऊन बसला, तोंड भिंतीकडे करून. मी खालच्या पायरीवर सरकलो. असं करत करत आम्ही दोघं जिना उतरत होतो, जसे देवळाच्या पायऱ्यांवरून म्हातारा-म्हातारी दम खात उतरतात.

जाणारे-येणारे मजा बघायचे. वरच्या मजल्यावरचे साहेब एकदा म्हणाले, "मास्तर, तुम्ही त्याला शिकवताय का तो तुम्हाला बसायला शिकवतोय?" मी हसलो. काकूंनी मात्र एक दिवस न बोलता माझ्या बाजूला चहाचा कप ठेवला आणि आत गेल्या. अभय त्यांच्या दारासमोर बसलेला होता तरीही.

या सगळ्यात एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती आणि मी ती सोडून दिली. सोसायटीतली भली माणसं त्याला बिस्किट दाखवून बोलवायची, "यू यू यू!" कुत्र्याला लाडानं बोलवायची आपली हीच रीत. अभय त्या आवाजाला जमिनीला चिकटायचा. मला वाटलं, भित्रा आहे, सगळ्यालाच भितो. का भितो, हे मी स्वतःला विचारलं नाही.

दसऱ्यानंतर आम्ही फाटकाच्या बाहेर पडलो. गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत जायचं आणि वळायचं. मॅडम मागून चालत होत्या. इतक्यात दूधवाला गाडीवरून आला. त्याला हे सगळं माहीत होतं, मनापासून बरं वाटलं असणार. त्यानं गाडी थांबवली, खाली वाकला, चुटक्या वाजवल्या आणि म्हणाला, "अरे वा! यू यू यू यू!"

अभय मागे सरकला, पाठ वळवली, छातीच्या पट्ट्यातून सापानं कात टाकावी तसा उलटा निसटला आणि पळाला.

पुढचा अख्खा दिवस लाजेचा. कॉलनीच्या मागे मोकळ्या प्लॉटमध्ये वेडी बाभूळ माजली आहे आणि तिथे गटाराचे मोठे सिमेंटचे पाइप पडलेत. तो त्यातल्या एकात शिरला. बातमी पसरली तशी माणसं जमली. जो तो बिस्किटं घेऊन वाकायचा, "यू यू यू", आणि प्रत्येक हाकेला अभय आणखी आत जायचा. मी 'अभय, कम, कम' म्हणत होतो. माझ्या जुन्या गिऱ्हाइकांपैकी एकजण लॅब्राडोर घेऊन उभा होता. त्याचं कुत्रं, मीच शिकवलेलं, शहाण्यासारखं बसलं होतं. गर्दीत कुणी म्हणालं, "मास्तरांचंच कुत्रं पळालं की राव." मोबाईलवर शूटिंग चालू होतं. मॅडम कुणावर रागावत नव्हत्या, माझ्यावर सुद्धा नाही, तेच जास्त जड जात होतं.

मी हात जोडून सगळ्यांना घालवलं. दुपार कलली तेव्हा मॅडम आणि मी, दोघंच उरलो. उन्हानं डोकं भणभणत होतं, पोटात काही नव्हतं. अभय पाइपाच्या तोंडाशी आला, अर्धा बाहेर, अर्धा आत. अशा वेळी हात पुढे करायचा नाही, हे मी झोपेतही सांगेन. मी हात पुढे केला. त्याच्या मानेवरची कातडी पकडली. तो वळला आणि माझ्या पंजाला कडकडून चावला.

मग माझ्या तोंडून ते निघालं. फौजेतलं नाही, इंग्रजी नाही, थेट राहात्याच्या वस्तीवरचं. हातातला पट्टा त्याच्या अंगावर भिरकावला आणि पोटातून ओरडलो, "हाड! हाड लेका! जा, मर तिकडं! हाड!"

अभय थांबला. कान वर झाले. पाइपातून पूर्ण बाहेर आला, अंग झाडलं, आणि शेपूट हलवत, पोटावर सरपटत माझ्याकडे आला. माझ्या चपलेवर त्यानं हनुवटी टेकली. मी घामानं आणि रक्तानं थबथबलेला, अजून हात उगारलेला. तो हात कुठे ठेवावा मला कळेना.

कुत्रं सापडलं याचा आनंद व्हायला हवा होता. मला रडू आलं ते त्या आनंदाचं नव्हतं. मी त्याला मर म्हटलं होतं आणि मनापासून म्हटलं होतं, आणि तो माझ्या पायाशी आला होता.

मॅडमनी त्याला पट्टा घातला. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. मी म्हटलं, "मॅडम, चुकलं माझं. त्याच्यावर असं ओरडायला नको होतं."

"त्याचं काही नाही," त्या म्हणाल्या. थोडं चालल्यावर म्हणाल्या, "सर, तो शब्द आमच्या घरात कुणी काढत नाही. कुत्र्यालासुद्धा नाही. माझे आजोबा लहान असताना पाटलाच्या दारात भाकरी मागायला उभे राहायचे. त्यांना त्या शब्दानं लांब करायचे. नंतर आजोबांनी दीक्षा घेतली, गाव सोडलं, पोरांना शिकवलं. मरेपर्यंत सांगायचे, दारात कुणी आलं, माणूस येवो का जनावर, हा शब्द म्हणायचा नाही." फाटकाशी आल्यावर म्हणाल्या, "तुमचा आवाज ऐकून मला एकदम ते आठवलं. तुमच्याबद्दल काही नाही."

माझ्याबद्दलच होतं. मी आठ-नऊ वर्षांचा असताना राहात्याच्या घरी ओसरीवर आजोबांच्या शेजारी बसलो होतो. आजोबा समोर बघून ओरडले, "हाड! तिकडं लांब हुभा ऱ्हा!" मी कुत्रं कुठं आहे ते बघायला मान वळवली. कुत्रं नव्हतं. डोक्यावरचं मुंडासं हातात घेऊन एक माणूस उभा होता, आमच्याच बागेत पेरू उतरवायला येणारा. आजोबांचा आवाज, तो पोटातून येणारा ठेका, अगदी तसाच्या तसा त्या प्लॉटमध्ये माझ्या तोंडून निघाला होता. इतकी वर्षं मी लोकांना सांगत हिंडलो, कुत्र्याचे शब्द वेगळे ठेवा, माणसांचे वेगळे. ते आमच्या घरच्या माणसांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीही कधी विचारलं नव्हतं. हे मॅडमना मी त्या दिवशी सांगितलं नाही. दोन दिवसांनी हाताला पट्टी बांधून गेलो तेव्हा पायरीवर बसून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. 'असू दे' म्हणाल्या नाहीत, आणि म्हणाल्या नाहीत तेच बरं झालं.

पण एक कोडं राहिलं होतं. हाड म्हटल्यावर कुत्रं जवळ का आलं? मॅडम विज्ञानाच्या बाई. म्हणाल्या, "कारणाशिवाय असं होत नाही. जिथं सापडला तिथं जाऊन विचारू." रविवारी आम्ही तिघं गाडीनं भंडारदऱ्याला निघालो. मॅडम चालवत होत्या, अभय मागे सीटखाली.

धरणाच्या वाटेवर भजी आणि भाजलेल्या कणसांच्या टपऱ्या आहेत. गाडी थांबली आणि दार उघडलं तसा अभय स्वतःहून उतरला. ज्याला जिना उतरवायला महिना गेला तो दोरी ताणून चालायला लागला. दोन टपऱ्यांच्या मध्ये एक मोकळी जागा होती, तीन दगडांची काळी चूल आणि चार खुंट. तो चुलीजवळ गेला, एक गिरकी घेतली आणि अंग मुडपून बसला.

शेजारच्या टपरीतली बाई कणीस टाकून बाहेर आली. "आगं बया! हाड्या! ह्यो जिता हाय व्हय?"

"तुम्ही ओळखता याला?" मॅडमनी विचारलं.

"तर! हितं ठकूबाईची टपरी हुती. म्हातारीला पोर न्हाई बाळ न्हाई, ह्योच काय तो. दिसभर त्याच्या नावानं वरडायची. हाड मेल्या, आला का मसनात जाऊन? हाड मेल्या, खा आता. आन् भाकर मोडून टाकायची. निजताना बी हाड मेल्या, सरक तिकडं, आन् आपल्या गोधडीत घ्यायची. आमी समदी मग त्याला हाड्याच म्हनायला लागलो."

"आणि ठकूबाई?"

"गेली की माघात. ह्यो हितनं हलंना. टपरी मोडली तरी हितंच. येनाऱ्या-जानाऱ्यावर गुरगुरायचा, गिऱ्हाईक थांबंना. मंग येक दिस कुनी तरी बिस्कुटं टाकली, यू यू यू करून लांब न्हेलं, आन् तार घातली गळ्यात. कुनी ते न्हाई सांगत मी. आमाला बी पोट हाय." ती पदरानं तोंड पुसत म्हणाली, "लई वाईट झालं ते. आमी बघितलं आन् गप ऱ्हायलो."

मी त्या बाईला काय बोलणार? गप राहणं मला माहीत नव्हतं असं थोडंच आहे.

निघायची वेळ झाली. अभय उठेना. मॅडमनी हाक मारली, "अभय, चल." त्यानं नुसतं पाहिलं. दोरी ओढायची नाही हे आता आम्हा दोघांनाही माहीत होतं. मॅडमनी छातीचा पट्टा सोडून माझ्या हातात दिला. "त्याला इथंच राहायचं असेल तर मी कोण?" त्या म्हणाल्या. "पण सर, इथं राहिला तर जगेल का तो?"

टपरीवाली नाही म्हणाली, बोलून नव्हे, मान हलवून.

मग दोघी माझ्याकडे बघायला लागल्या. येतो तो कुठल्या शब्दाला, हे सगळ्यांना कळलं होतं, आणि तो शब्द ज्याच्या तोंडात बसलेला तो माणूस मी होतो. मी प्रयत्न केला. आवाज मऊ केला. "हाड... हाड रे." अभयनं कान हलवला नाही. खोटं त्याला लगेच कळलं. खरं म्हणायचं तर मला ते एकाच तऱ्हेनं येत होतं, आणि त्या तऱ्हेनं मला पुन्हा कधी म्हणायचं नव्हतं. मी मान खाली घालून बाजूला झालो.

मॅडम चुलीपाशी जाऊन खाली बसल्या. राखेत. बराच वेळ बसल्या. ओठ हलत होते पण आवाज येत नव्हता. त्यांच्या आजोबांनी घरातून हद्दपार केलेला शब्द होता तो. मला वाटलं त्यांना सांगावं, मॅडम, राहू द्या, दुसरं काही तरी करू. पण माझ्याकडे दुसरं काही नव्हतं.

"हाड," त्या म्हणाल्या. आवाज फाटला. मग हसल्यासारखं, रडल्यासारखं, त्याच्या कानामागे खाजवत त्या म्हणाल्या, "हाड मेल्या. किती छळशील? चल घरी."

अभय उठला. राख झाडली, त्यांच्या गुडघ्याला अंग घासलं आणि त्यांच्या पुढे चालत गाडीपाशी जाऊन उभा राहिला. पट्टा माझ्या हातातच होता. तो घालायची गरज पडली नाही.

गेल्या दिवाळीत तो सोसायटीच्या फाटकातून रोज बाहेर जायला लागला होता. काकूंनी फराळाचं ताट दिलं तेव्हा अभयला एक चकली वेगळी दिली, जावयासमोर. आता मॅडम त्याला दोन्ही नावांनी बोलवतात. सोसायटीला नवा वॉचमन आला आहे. तो परवा मला म्हणाला, "मास्तर, बाई शिकलेल्या, पण कुत्र्याला लई हाडतूड करत्यात बघा."

मॅडमना शाळेची गडबड असली की सकाळी मी अभयला फिरवतो. कोपऱ्यावरच्या लिंबाखाली तो वास घेत रेंगाळतो, दोरी जमिनीला टेकलेली असते, आणि मला घरी जायची घाई असते. हाक मारली तर तो येईल. मी मारत नाही. त्याच्याकडे पाठ करून उभा राहतो आणि तो येईपर्यंत थांबतो.